आभाराचे चार शब्द

माझ्या धाकट्या जावेवर मी जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची समजून वाचायला नको. ती माझ्यापेक्षा दिसायला उजवी होती, त्याचं मला काही नव्हतं. ती अमेरिकेत राहत होती, त्याचंही फारसं नव्हतं, कारण मला थंडी सोसत नाही. तिनं तोंड उघडलं की माणसं हातातलं काम टाकून ऐकत, तेवढं मात्र माझ्या पोटात दुखे. मी तोंड उघडलं की माणसांना कामं आठवत.

नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी बंगळूरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात वकिली करत होते. करत होते म्हणजे एका सीनियरच्या हाताखाली होते. ते बोलायचे, मी मागे उभी राहून त्यांना हवं ते पान उघडून द्यायची. पुढची तारीख मागायची असली की मात्र मला पुढे करायचे, कारण तारीख कुणीही मागू शकतं. घरी आल्यावर काही बोलायला जावं तर सासरे म्हणायचे, "कोर्टातली भाषा घरात नको हं." म्हणजे कोर्टात सीनियर होते आणि घरात सासरे. बोलायला मला एकच जागा उरली होती, ती म्हणजे आमचं मराठी मंडळ.

मंडळात दोन तऱ्हेची माणसं होती. आम्ही जुने. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले ते परत गेलेच नाहीत. आमच्या मराठीत कानडी इतकी मिसळलेली की कुठलं काय ते आम्हालाही सांगता येत नाही. आम्ही मोठ्या भावाला अण्णा म्हणतो, मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो, थोडं हवं असलं की स्वल्प मागतो, बरं म्हणायचं असलं की सरी म्हणतो. दुसरे नवे. ते पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आधी कारखान्यांत आले आणि मग कॉम्प्युटरमध्ये आले. महादेवपुऱ्याच्या बाजूला तेव्हा त्यांच्यासाठी रोज एक नवी इमारत उभी राहत होती. मंडळाचे अध्यक्ष नव्यांपैकीच होते, मूळचे पुण्याचे. एका कारखान्यात मोठे मॅनेजर, आणि बोलायला असे गोड की नकार ऐकून माणूस त्यांनाच धन्यवाद देऊन घरी जायचा.

दर संक्रांतीला मंडळाचं व्याख्यान असे. कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता असा एक नियम होता. व्याख्यान नव्यांपैकी कुणीतरी द्यायचं आणि आभार जुन्यांपैकी कुणीतरी मानायचे. "जुन्यांचा मान आहे तो," असं अध्यक्ष म्हणत. खरी गोष्ट अशी होती की आमची मराठी ऐकून नव्यांना हसू येई, आणि आभारात हसण्याजोगं फार काही नसतं. सभागृह दिल्याबद्दल शाळेचे आभार, माइकवाल्याचे आभार, तिळगूळ करून आणणाऱ्या भगिनींचे आभार, शेवटी ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार. आभार मानणाऱ्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं. ते काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. "वकीलबाई, आभार मानण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही," असं अध्यक्ष मला दर वर्षी सांगत आणि दर वर्षी माझ्या नाकाला मिरच्या झोंबत.

त्या वर्षी दसऱ्याला मी त्यांना गाठलंच. म्हटलं, यंदा व्याख्यान माझं. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. विषय विचारला. मी सांगितलं, बोलण्याचं स्वातंत्र्य, कायद्यातलं आणि रस्त्यावरचं.

मग मी त्यांना माझ्या पाहण्यातल्या दोन हकिकती सांगितल्या. के. आर. पुरमकडून रोज टोपली घेऊन बाजारात येणारी एक फुलवाली होती. टोपली उचल म्हणणाऱ्या शिपायाला ती म्हणाली, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? रात्रभर तिला चौकीत बसवून ठेवलं. सकाळी कोर्टात आणलं तेव्हा तिची फुलं टोपलीतच काळी पडली होती. मॅजिस्ट्रेटनं तिला एक अक्षर बोलू न देता दंड केला. दुसरा माणूस देवनहळ्ळीच्या बाजूला शेतं घेऊन घरांचे प्लॉट, म्हणजे लेआऊट, पाडणारा. तो माझ्या सीनियरचा अशील. भर रस्त्यात त्यानं गाडी लावली आणि हटवायला आलेल्या शिपायाला तेच विचारलं, अगदी त्याच शब्दांत. त्याला सोडवायला आम्ही चौकीवर गेलो तर तो साहेबांच्या खोलीत बसून कॉफी पीत होता. शिपाई दाराशी उभा होता आणि त्यालाच माफी मागायला लावली होती.

"कायदा एकच, वाक्यही एकच," मी अध्यक्षांना म्हटलं. "पण तोंडं दोन. हेच मला सांगायचंय."

"वा, वा," अध्यक्ष म्हणाले. "फक्त ते जरा राजकारणाकडे झुकतंय का, एवढं बघा. संक्रांत आहे, गोड बोलायचा दिवस. आणि आपण पडलो इथले पाहुणे."

"तुम्ही असाल पाहुणे," मी म्हटलं. "आम्ही तीनशे वर्षं इथेच आहोत."

"बघा, हे असं!" ते मोठ्यानं हसले. पण बरं म्हणाले. व्याख्यान माझं ठरलं.

पुढचे दिवस मी हवेत होते. फोडणी करताना बोलत होते, कपडे वाळत घालताना बोलत होते. आमच्या आळीतल्या कुत्र्यालासुद्धा घटनेतलं कलम पाठ झालं असेल. मी माझ्या बोलण्यातून 'स्वल्प' आणि 'सरी' वेचून काढत होते, तांदळातले खडे काढावे तसे. एकदा, फक्त एकदाच, भरल्या सभेत कुणी मध्ये न तोडता मला माझं म्हणणं शेवटपर्यंत सांगायचं होतं. एवढीच माझी हौस होती.

नाताळच्या सुट्टीत धाकटे दीर आणि जाऊ अमेरिकेहून आले.

ती पुण्याची. लग्न होऊन दिरांबरोबर तिकडे गेली, घरात बसून कंटाळली, म्हणून कायदा शिकायला लागली. मी कायदा शिकायचं म्हटलं तेव्हा माहेरी महिनाभर कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आणि हिनं कायदा घेतला तो विरंगुळा म्हणून! अजून परीक्षाही पुऱ्या झाल्या नव्हत्या आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते, "आमच्या घरात आता वकील आहे." मी तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते काही खोटं नाही.

ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती लाघवी होती. आल्या दिवसापासून मला अक्का म्हणायला लागली. तिच्या पुणेरी तोंडात तो शब्द इतका गोजिरा वाटे की नवी मंडळी कौतुकानं म्हणत, "किती छान हो, इथलं सगळं शिकल्या." आम्ही जन्मभर तोच शब्द वापरतो, तर आमची भाषा अशुद्ध!

आमच्या कामवालीचा पेला वेगळा असे. मोरीजवळच्या फळीवर उपडा घातलेला असायचा. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासऱ्यांना म्हटलं होतं, मामंजी, हे बरं नाही दिसत. ते जेवणावरून उठले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. जावेनं चौथ्या की पाचव्या दिवशी तो पेला पाहिला आणि जेवताना सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामंजी, हे चूक आहे हं. तिकडे याला भेदभाव म्हणतात, कोर्टात खेचतात."

मी वाढता वाढता थांबले. आता पान सरकवलं जाईल म्हणून वाट पाहू लागले.

सासरे हसले. "सरी सरी, तू म्हणतेस तर तसं," ते म्हणाले. "अमेरिकेचं वारं आहे बाबा, आपलं काय चालणार!" दुसऱ्या दिवशी तो पेला फळीवरून आत आमच्या पेल्यांत आला. कामवालीनं जावेच्या पायाला हात लावला. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी परसात जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा घासली.

मग अध्यक्ष घरी आले. अमेरिकेच्या पाहुण्यांना भेटायला म्हणून आले, कॉफी झाली, गप्पा झाल्या. जावेनं तिकडच्या कोर्टाची एक हकिकत सांगायला घेतली आणि अध्यक्षांच्या बशीतली कॉफी गार झाली. तिचं अर्धं सांगून झालं नसेल तोच ते म्हणाले, "थांबा थांबा, पुढचं आत्ता नको. हे संक्रांतीला सगळ्यांना ऐकू द्या."

माझ्या हातात चकल्यांची ताटली होती. ती मी त्यांच्यापुढे धरली होती आणि त्यांनी एक चकली उचललीही होती.

फाटकापर्यंत पोचवायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुम्ही काय, घरच्याच. इथेच आहात, पुढच्या वर्षी करू. अमेरिकेतलं माणूस काही रोज येत नाही. शिवाय विषय एकच आहे, नाही का? स्वातंत्र्य आलं, कायदा आला. त्या शुद्ध भाषेत मांडतील. आभार मात्र तुमचेच हं."

पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं. पण माझ्याच दारात, माझीच चकली खात कुणी मला ते सांगेल असं वाटलं नव्हतं. मी बरं म्हटलं. भांडायला हवं होतं, तर भांडायचं कुणाशी? ते इतके गोड बोलले होते.

हे व्याख्यान आधी माझं होतं, हे जावेला कुणी सांगितलं नाही. मी तर जीव गेला तरी सांगणार नव्हते. माझ्या नवऱ्याला माहीत होतं, पण त्यांना घरात शांतता हवी होती. दोन दिवसांनी तीच माझ्याजवळ येऊन बसली. "अक्का, तुम्ही इतकी वर्षं कोर्टात आहात. इथली एकदोन उदाहरणं द्या ना मला, जोडून घेते."

"इथे तसलं काही होत नाही," मी म्हटलं, आणि मटार सोलत राहिले.

संक्रांतीच्या संध्याकाळी शाळेचं सभागृह भरलं. मी व्यासपीठावरच्या शेवटच्या खुर्चीत बसले होते. आभार मानणाऱ्याची खुर्ची तीच, पडद्याला टेकलेली. जाऊ बोलायला उभी राहिली. काळी चंद्रकळा नेसली होती. हातात कागदाचा तुकडासुद्धा नव्हता.

ती चांगलं बोलली. मला वाईट वाटलं, पण चांगलं बोलली. तिकडे घटनेतच लिहिलंय, म्हणाली, की सरकार कुणाचं तोंड बंद करणार नाही. पण त्यालाही मर्यादा आहेत. कुठे, केव्हा आणि कसं बोलायचं त्याचे नियम आहेत. तिच्या गावातल्या कोर्टाबाहेर फूटपाथवर फलक घेऊन उभं राहायला परवानगी होती, कोर्टाच्या पायऱ्यांवर नव्हती. एका कृष्णवर्णीय मुलाला किरकोळ गुन्ह्यात मोठी शिक्षा झाली होती. तशाच गुन्ह्यात एक गोरा मुलगा ताकीद घेऊन घरी गेला होता. म्हणून ती आणि तिच्या वर्गातली एक मैत्रीण फलक घेऊन फूटपाथवर उभ्या राहिल्या. मैत्रीणही कृष्णवर्णीय. जाऊ विद्यापीठातल्या कुठल्या समारंभातून तशीच गेलेली, कोटाखाली साडी नेसून.

पोलीस आला आणि म्हणाला, तुम्ही पायऱ्यांवर आहात. मैत्रीण म्हणाली, आम्ही फूटपाथवर आहोत आणि फूटपाथ सगळ्यांचा आहे. जाऊही तेच म्हणाली. पोलीस जावेला म्हणाला, मॅडम, तुम्ही जरा बाजूला व्हा. आणि मैत्रिणीच्या हातात बेड्या घातल्या.

सभागृहातली माणसं खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती.

खटला उभा राहिला. पोलीस म्हणाला पायरी, मैत्रीण म्हणाली फूटपाथ. न्यायाधीशांनी तिचं ऐकून घेतलं, पण वर बघितलंसुद्धा नाही. मग साक्षीला जाऊ उभी राहिली. ती म्हणाली फूटपाथ. आता न्यायाधीशांनी चष्मा नीट केला, तुम्ही कुठल्या देशाच्या म्हणून विचारलं, आणि खटला काढून टाकला.

"कायदा तोच होता," जाऊ म्हणाली. "फूटपाथ तोच होता, वाक्यही तेच होतं. तिचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. जगाला लोकशाही शिकवणाऱ्यांचा हा न्याय!"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत सासरे बसले होते, ते डोळे पुसत होते. अध्यक्ष उठून उभे राहिले. "केवढं धाडस!" ते म्हणाले. "केवढं परखड!"

मी खुर्चीत बसून होते. हे तर माझं होतं. हेच मी दसऱ्याला या माणसाला सांगितलं होतं. तेव्हा ते राजकारण होतं. सातासमुद्रापलीकडच्या न्यायाधीशाला नावं ठेवायला कसलं धाडस लागतं हो? तो काय संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आमच्या शाळेत येणार होता? अमेरिका किती वाईट ते ऐकायला माझी ना नव्हती. पण तिच्या तोंडी जे परखड, ते माझ्या तोंडी आगाऊ कसं, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आता आभाराचे चार शब्द," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे न बघताच खाली बसले.

मी उभी राहिले. शाळेचे आभार मानले, माइकवाल्याचे मानले, भगिनींचे मानले. ज्ञात-अज्ञातपाशी आले आणि थांबले. लोक चपला शोधायला लागले होते.

"स्वल्प वेळ घेते," मी म्हटलं. मागे कुणीतरी हसलं. "पाहुण्यांनी सांगितलं ते अमेरिकेतलं झालं. असाच एक फूटपाथ आपल्याकडेही आहे. के. आर. पुरमकडून एक फुलवाली रोज तिथे..."

अध्यक्षांनी तळहात खाली केला, तापलेल्या माणसाला शांत करावं तसा. तो माझ्यासाठी नव्हता. कोपऱ्यातल्या माइकवाल्यानं तो बघितला आणि माझा माइक बंद झाला. मी बोलत राहिले, पण आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नव्हता. "आभारात हे काय मध्येच?" असं कुणीतरी म्हणालं. सासरे मान खाली घालून बसले. भगिनी डबे घेऊन उठल्या आणि मी बोलत असतानाच रांगारांगांतून तिळगूळ घ्या, गोड बोला, तिळगूळ घ्या, गोड बोला असं सुरू झालं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी व्यासपीठावर उभी राहून खात होते.

मी खाली बसणार एवढ्यात जाऊ उठली.

"अहो, त्यांना बोलू द्या ना," ती म्हणाली. फार मोठ्यानंही नाही. "मला ऐकायचंय."

बस्स. एवढंच. माइक लागला. डब्यांची झाकणं लागली. उठलेली माणसं खाली बसली. अध्यक्ष हसून म्हणाले, "हो हो, बोला की वकीलबाई, निवांत बोला." जणू मी विचारलंच नव्हतं कधी.

माझी इच्छा पुरी झाली होती. भरलेलं सभागृह होतं, माइक होता आणि मध्ये तोडणारं कुणी नव्हतं. मी सगळं सांगितलं. फुलवाली सांगितली, तिची काळी पडलेली फुलं सांगितली, कॉफी पिणारा लेआऊटवाला आणि दाराशी माफी मागणारा शिपाई सांगितला. चुकले नाही, अडखळले नाही. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणी बघतच नाहीये. सगळे जावेकडे बघत होते. तिनं मान डोलावली की सभागृहाची मान डोले. तिच्या कपाळाला आठी पडली की त्यांच्याही पडे.

फुलवालीचं ते बापाच्या रस्त्याचं वाक्य मी तिच्याच कानडीत सांगितलं, "रस्ते निम्मप्पंदा?" जुन्या मंडळींना ते कळलं, ती गप्प राहिली. जावेला कानडी येत नव्हतं. काहीतरी गमतीचं असेल असं वाटून ती माझ्याकडे बघून प्रेमानं हसली. तशी नवी मंडळी सगळी हसली.

शेवटी टाळ्या पडल्या. आधी तिनं वाजवल्या, मग सगळ्यांनी. जन्मभर मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते दुसऱ्याच्या ओंजळीनं प्यायलेलं पाणी होतं. माझी तहान होती तशीच राहिली.

बाहेर आल्यावर सासरे जावेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू होतीस म्हणून सांभाळलंस बाई. नाहीतर अब्रूच गेली होती." मग ते आणि दोघे भाऊ पुढच्या ऑटोत बसले. आम्ही दोघी मागच्या ऑटोत. मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन ती बसली होती. मी बाहेर बघत होते.

"अक्का, रागावलात?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"छे."

"मग बोलत का नाही? किती छान बोललात तुम्ही. मी नसते उठले तर लोकांनी ऐकलंच नसतं."

"हो," मी म्हटलं. "नसतं ऐकलं."

ऑटो सिग्नलला थांबला. मग ती एकदम म्हणाली, "तीही अशीच वागली. माझी मैत्रीण. हे मी मघाशी सांगितलं नाही. खटला काढून टाकला, ती सुटली, मी बाहेर तिची वाट बघत उभी होते. मिठी मारेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारून सरळ निघून गेली. थँक्यूसुद्धा नाही. नंतर वर्गात माझ्यापासून लांब बसायला लागली. मी किती विचार केला. अक्का, मी काय चुकीचं केलं होतं?"

मी तिच्याकडे वळले. ती खरंच विचारत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवा वाटला, की हिला हे अजून कळलेलं नाही.

"तू काही चुकीचं केलं नाहीस," मी म्हटलं. "तू खरं तेच बोललीस. पण ती पण खरं तेच बोलली होती. तुझ्या आधी."

"म्हणजे तिला माझा राग आला?"

"राग नाही. हेवा. राग निवळतो."

तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. आमची आळी जवळ आली तेव्हा म्हणाली, "पण अक्का, ती सुटली ना?"

"सुटली की," मी म्हटलं. "आज मीही बोलले की."